पडवीतला काळोख फोनने पुसला: नव्या तंत्राने फोटोतली कल्पकता वाढते की मरते?

पागोळी
नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळतंय ते आज लिहून टाकते. गेल्या आठवड्यात गावी होते, गुहागरजवळ. सकाळपासून धो धो पाऊस, लाइट गेलेली आणि आई पडवीत पाटावर बसून आठळ्या सोलत होती. कौलांवरून पागोळ्यांची माळ लागलेली, पडवीत निम्मा काळोख, आईचा एक गाल आणि बोटांत धरलेली आठळी एवढंच काय ते उजेडात. लहानपणापासून बघत आलेय हे, पण त्या दिवशी बघून पोटात काहीतरी हललं म्हणून फोन काढला. क्लिक केल्यावर क्षणभर स्क्रीनवर तसंच्या तसं दिसलं, मग ते गोल चक्र फिरून थांबलं आणि सगळा काळोख गायब! मागच्या कोनाड्यातले डबे, खुंटीवरची छत्री, कोपऱ्यातला कोयता, सगळं दुपारी बाराला काढल्यासारखं लख्ख. बाहेरचं मळभसुद्धा निळसर झालेलं. आईच्या गालावरच्या सुरकुत्या निम्म्या पुसलेल्या.

घरच्या ग्रुपवर टाकला तर सगळ्यांना आवडला, काय क्लिअर आलाय म्हणाले. मला मात्र फार वाईट वाटलं. मी जे बघितलं ते त्यात नाहीच. मग तो फोटो मी काढला की फोनने? तर प्रश्न असा की हे नवं तंत्र, फोन, ड्रोन, एआय सगळं धरून, आपली कल्पकता वाढवतं की खाऊन टाकतं? कोकणात फोटो काढणाऱ्यांनी स्वतःचे अनुभव लिहा. कुठल्या कंपनीचा फोन भारी ही भांडणं इथे नकोत प्लीज.

सड्यावरचा
माझं मत सरळ आहे, वाढवतं. मी राजापूरकडचा. कातळशिल्पं, म्हणजे सड्याच्या कातळात कोरलेली प्राचीन चित्रं, लहानपणापासून पायाखाली होती, गुरांमागे गेलो की त्या खाचांत साठलेल्या पाण्यात पाय बुडवून बसायचो, पण आपण कशावर बसलोय ते कळायचं नाही. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे, त्याच्या अंगात आणखी कितीतरी प्राणी कोरलेले आहेत. जमिनीवर उभं राहून सोंड बघितली तर शेपूट दिसत नाही. एकदा आम्ही माड चढायची शिडी नेऊन वरून काढायचा प्रयत्न केला, अर्धाच आला. ड्रोन पहिल्यांदा वर गेला आणि अख्खा हत्ती स्क्रीनवर उमटला तेव्हा आम्ही चौघंही गप्प झालो होतो. २०२२ साली ही कातळशिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत आली, आता बाहेरून लोक बघायला येतात, आणि येणाऱ्याला आधी कोणता फोटो दाखवायचा तर तो वरूनचाच.

पण एक सांगतो, ड्रोनने फक्त उंची दिली. भर दुपारी उडवलात तर खाली नुसता सपाट काळा दगड दिसतो. ऊन तिरपं आलं की खाचेच्या एका कडेला सावली पडते आणि मग प्राणी उठून उभा राहतो. ते ऊन कधी येतं हे शोधायला मी सहा-सात संध्याकाळी सड्यावर घालवल्या. ते काम ड्रोन करत नाही.

भरडावयलो
माका एक सांगा, फोटो कोणासाठी काढतास? आमच्या वाडीत पयलो कॅमेरो माझ्या काकान हाडल्यान, आग्फाचो क्लिक थ्री. एका रोलात बारा फोटो. गणपतीक दोन, शिमग्याक दोन, कोणाचा लगीन आसला तर चार, असो वरसभर पुरवूचो लागा. आजो गेलो तेवा त्येचो एकट्याचो एकय फोटो गावलो नाय, वरातीच्या फोटोत मागे उभो होतो त्येतलो कापून मोठो केलो. आता माझ्या नातीकडे माझे शेकड्यान फोटो आसत. ह्या वायट कसा म्हणू?

जुना_रोल
पागोळीताई, तुमचं दुःख मला कळलं. मी चिपळुणात पंचवीस वर्षं स्टुडिओ चालवला, आता मुलगा बघतो. ३६ फोटोंच्या रोलवर शिकलेला माणूस आहे. एकदा मालवणला रापण, म्हणजे किनाऱ्यावरून दोरांनी ओढायचं मोठं जाळं, ओढताना फोटो काढायला उभा होतो. रोलमध्ये दोन फ्रेम शिल्लक, दुसरा रोल लॉजवर राहिलेला. दोन्ही बाजूंनी माणसं दोर ओढतायत, जाळं अजून लांब. मांडीएवढ्या पाण्यात कॅमेरा डोक्यावर धरून पाऊण तास उभा राहिलो आणि त्या पाऊण तासात मी रापण पहिल्यांदा नीट बघितली. कोण टाच रोवून मागे झुकतं, कोण नुसतं दोराला हात लावून चालतं, पोरं कुठे घुसतात, टोपल्या घेतलेल्या बायका कुठे थांबतात. जाळ्याचं पोट किनाऱ्याला लागायच्या आधी एक म्हातारा मागे असा झुकला की त्याची पाठ आणि दोर एका रेषेत आले. ती फ्रेम आजही स्टुडिओत लावलेली आहे. हातात आजचा सेकंदाला वीस फोटो काढणारा कॅमेरा असता तर मी हजार फोटो घेऊन आलो असतो, पण त्या म्हाताऱ्याकडे बघितलं असतं का, मला शंका आहे.

आणि कोकणातल्या दमट हवेत रोल आणि लेन्स सांभाळणं म्हणजे लहान मूल सांभाळण्यासारखं. एका पावसाळ्यात बुरशीने माझी ५० एमएमची लेन्स खाल्ली.

खाडीकाठ
काका, फोटोचं वर्णन वाचूनच तो बघावासा वाटला. पण मला इथे ठामपणे असहमती नोंदवायची आहे. रोल परवडणाऱ्यांसाठी ती मर्यादा शिस्त होती, आमच्यासारख्यांसाठी ती बंद दार होती. माझे वडील बोटीवर खलाशी, घरात खाणारी सहा माणसं, रोल विकत घेऊन वर तो धुवायचे पैसे कुठून आणणार? मी शिकलो सेकंडहँड डिजिटलवर. दाभोळच्या खाडीत खंड्या सूर मारतो तो पकडायला दोन हिवाळे लागले, हजारो फोटो खोडले. प्रत्येक चुकलेल्या फोटोने मला काहीतरी सांगितलं, खंड्या सुरापूर्वी मान कशी करतो, वारा कुठून असला की कुठल्या खुंटावर बसतो. तुम्ही पाऊण तासात बघितलंत ते मी खोडून खोडून बघितलं. बघायला शिकलो दोघंही.

सड्यावरचा
+१ खाडीकाठ. शेवटचं वाक्य तंतोतंत.

केवडा
अवांतर: पागोळी, त्या आठळ्यांचं पुढे काय केलंत?

पागोळी
@केवडा, निम्म्या चुलीत भाजून मीठ लावून खाल्ल्या, निम्म्या फणसाच्या भाजीत. आता कृपया धागा फणसावर नेऊ नका गं :)

हर्णै_बंदर
मी ट्रॉलरवर काम करतो, फोटोग्राफर नाही. पण गेली चार वर्षं फोनवर समुद्रातले फोटो काढतो. पहाटे तीनला जाळं वर येतं, सगळीकडे काळोख, फक्त बोटीचा दिवा आणि त्यात म्हाकुळ एकदम काचेसारखी दिसते. असा फोटो काढायला कोण मोठा कॅमेरा घेऊन आठ दिवस बोटीवर येणार? खाऱ्या पाण्याने दोन दिवसांत कॅमेरा जाईल. माझा फोन प्लास्टिकच्या पिशवीत असतो, काढतो पुसतो फोटो घेतो परत ठेवतो. पागोळीताई म्हणतात तो नाइट मोड मला तर वरदान वाटतो. फक्त एक गोष्ट खटकते. डिसेंबरात कधी कधी रात्री लाटा चमकतात, पाण्यात हात घातला की उजेड सांडतो. डोळ्याला तो फिकट दिसतो, पांढुरका निळा. फोन तीन सेकंद बघत बसतो आणि ट्यूबलाइटसारखा निळा करून देतो. लोक तो फोटो बघून किनाऱ्यावर येतात आणि म्हणतात हे तर एवढंसंच आहे. अहो खरं ते एवढंसंच असतं आणि तेच भारी असतं.

पागोळी
हर्णै_बंदर, तुम्ही स्वतःला फोटोग्राफर नाही म्हणता ते आधी बंद करा. 'हात घातला की उजेड सांडतो' ज्याला दिसतं तो फोटोग्राफरच. म्हाकुळाचा फोटो इथे टाका ना.

रंगपट
दशावताराबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. मी कुडाळचा, गेली बारा वर्षं जत्रांमधून दशावतार टिपतोय. आधीचे लोक फिल्मवर काढायचे तेव्हा ४०० आयएसओचा रोल म्हणजे डोक्यावरून पाणी (आयएसओ जितका जास्त तितक्या कमी उजेडात फोटो येतो), मध्यरात्री देवळासमोर दोन बल्बांच्या उजेडात त्यात काय येणार, म्हणून फ्लॅश मारायचे. फ्लॅश मारला की सगळा खेळ मेला, मागचा पडदा, रंगवलेलं तोंड, सगळं एका पातळीवर, आणि नटाचं लक्ष उडतं ते वेगळंच. आज मी ६४०० आयएसओवर आहे त्या उजेडात काढतो. माझा सगळ्यात लाडका फोटो तर नाटकाचा नाहीच. देवळाच्या मागे पत्र्याच्या पेटीवर आरसा टेकवून एक नट स्त्री पार्टासाठी स्वतःचं तोंड रंगवतोय, दिवसभर शेतात राबलेला हात, नखात माती आणि त्याच हाताने भुवईची इतकी बारीक रेघ ओढतोय. हा फोटो वीस वर्षांपूर्वी होणं शक्यच नव्हतं.

आणि याच्या उलट पण बघितलंय. गेल्या जत्रेत एका पोराने फोनवर राक्षसाचा फोटो काढून दाखवला. फोनमधलं ते तोंड गोरं गुळगुळीत करणारं चालू होतं. राक्षसाच्या गालावरच्या काळ्या-लाल रेघा पसरून गेल्या आणि कातडी बाळासारखी झाली! नटाने दोन तास बसून ते तोंड भयानक केलं होतं. त्याच्या कलेवर कुणीतरी न विचारता बोळा फिरवला असं झालं ते.

माडबनातली
'न विचारता' हा शब्द रंगपट तुम्ही वापरलात म्हणून माझं लिहिते. माझ्या आजीचा एकच फोटो आहे, कृष्णधवल, लग्नानंतरचा. चुलतभावाने प्रेमापोटी एका अ‍ॅपमधून तो रंगीत आणि क्लिअर करून आणला, फ्रेम करून तिच्या वर्षश्राद्धाला सगळ्यांना वाटला. साडी हिरवी झाली. आजीची ती साडी जांभळी होती, माझ्या आईने तिची गोधडी शिवलीय, अजून घरात आहे. ते एक वेळ सोडा. आजीचा पुढचा एक दात दुसऱ्यावर चढलेला होता, हसली की तो दिसायचा, मूळ फोटोत ओठांआड तो जरासा दिसतो. अ‍ॅपने तिथे सरळ दातांची रांग बसवली. आत्या फ्रेम हातात घेऊन बराच वेळ बघत बसली आणि म्हणाली, ही कोण गो? मला तेव्हापासून एआयचं नाव काढलं तरी राग येतो.

दीपस्तंभ
वाचून कसंसंच झालं.

खाडीकाठ
माडबनातली, राग पूर्ण मान्य. पण स्टुडिओत पूर्वी हाताने रंगवलेले फोटो मिळायचेच की, गुलाबी गाल, लाल ओठ. रिटचिंगही व्हायचं. जुना_रोल काका सांगतील. मग फरक कुठे पडला?

जुना_रोल
सांगतो. माझे वडील ब्रोमाइड प्रिंटवर फोटो कलरने रंगवायचे. निगेटिव्हवर बारीक टोक केलेल्या पेन्सिलने देवीचे व्रण बुजवायचे, तेही मी पाहिलंय. पण गिऱ्हाईक पैसे देऊन निघायच्या आधी वडील फोटोच्या मागे पेन्सिलीने लिहून घ्यायचे. साडी जांभळी, काठ पिवळा. खण लाल. डोळे घारे. कधी कधी गिऱ्हाईकच सांगायचं, तीळ ठेवा हां, तो हवा. आमच्या माळ्यावर अजून काही न नेलेले फोटो आहेत, त्यांच्या मागे ते अक्षर आहे. एकावर लिहिलंय, 'कपाळावरची खोक बुजवू नये'. कुणाची, का, देव जाणे. पण वडिलांनी बुजवली नाही.

म्हणजे खाडीकाठ, हात तेव्हाही फिरायचा. विचारून फिरायचा.

माडबनातली
काका, तुमचं हे वाचून डोळ्यांत पाणी आलं. आजीच्या फोटोच्या मागे काय आहे ते आज आईला बघायला सांगते.

शब्दकोडे
थोडा इतिहास. प्रत्येक पिढीने हाच प्रश्न विचारलाय. १८५९ साली पॅरिसच्या प्रदर्शनावर लिहिताना फ्रेंच कवी बोदलेअरने फोटोग्राफीलाच कलेचा वैरी ठरवलं होतं. १८८८ मध्ये कोडॅकचा पेटी कॅमेरा आला, जाहिरात अशी की तुम्ही बटण दाबा, बाकीचं आम्ही करतो. पागोळीच्या फोनची तक्रार तिथूनच सुरू होते बघा, 'बाकीचं' कोण करणार हाच वाद. पहिला डिजिटल कॅमेरा १९७५ मध्ये स्टीव्हन सॅसन यांनी कोडॅकमध्येच बनवला, ०.०१ मेगापिक्सेलचा, एक फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागायची. ॲन्सेल ॲडम्ससारखा मोठा अमेरिकन फोटोग्राफर डार्करूममध्ये एकाच निगेटिव्हवरून वर्षानुवर्षं वेगवेगळे प्रिंट काढायचा, आकाश कुठे काळं करायचं, कुठे उजळ ठेवायचं ते हाताने ठरवायचा. आपले रघु राय डिजिटल आल्यावर तिकडे वळले, फिल्मला कवटाळून बसले नाहीत. त्यामुळे तंत्र वाईट म्हणून हात झटकता येणार नाहीत. निर्णय माणसाच्या हातात राहतो की नाही, एवढंच मी बघतो.

वाटसरू
मला वाटतं सगळे चुकीच्या दिशेला बघतायत. कॅमेरा नाही, रील्स कल्पकता खातात. आरे-वारेच्या घाटात त्या वळणावर जाऊन बघा. मी मोजलं नाही, पण रविवारी माणसं रांग लावून एकाच दगडावर उभी राहतात, तोच हात पसरलेला, तेच खाली दोन किनारे. घरून निघतानाच ठरवून आलेली असतात कुठला फोटो हवा ते. पाठीमागे वळून सड्यावरचं गवत वाऱ्याने कसं लोळतंय ते कुणी बघत नाही.

सड्यावरचा
वाटसरू, पहिल्यांदा समुद्र बघणाऱ्याला तो फोटो हवा असतो हो, घेऊ देत. दुसऱ्यांदा येईल तेव्हा गवत बघेल.

वाटसरू
दुसऱ्यांदा येणारे कमी, हेच दुखणं आहे. आणि वेळासला तर त्याहून वाईट. कासवाची पिल्लं समुद्राकडे निघतात ती क्षितिजाच्या उजेडावर, त्यात कुणीतरी फोनचा फ्लॅश मारतं की पिल्लू गोंधळून वळतं. गावातली पोरं हात जोडून सांगत असतात, दोरीच्या मागे राहा, फ्लॅश नको. तरी एखादा असतोच. तंत्र हातात आलं पण कुठे वापरायचं नाही हे कोण शिकवणार?

दीपस्तंभ
स्पर्धांचं सांगतो, तालुका पातळीवर दोनदा परीक्षक होतो. आता आम्ही मूळ रॉ फाइल मागतो, म्हणजे कॅमेऱ्याने काही सुधारणा न करता साठवलेली. २०२३ मध्ये बोरिस एल्डाग्सेन या जर्मन कलाकाराने एआयने बनवलेलं चित्र जागतिक फोटो स्पर्धेत पाठवलं, बक्षीस मिळालं आणि त्याने ते नाकारलं, सांगितलं की हा फोटोच नाही. पुढच्याच वर्षी उलटं, एकाने फ्लेमिंगोचा खराखुरा फोटो एआयच्या गटात पाठवला, तिथेही तो निवडला गेला, मग खरा आहे म्हणून बाद झाला. मान पिसांत खुपसून उभा होता तो पक्षी, मुंडकंच दिसत नव्हतं. कुणाला वाटलं नाही की असा पक्षी खरा असेल. मला यातून एवढं पटलं की निसर्ग अजून आपल्या पुढे आहे.

पागोळी
सगळ्यांचं मनापासून वाचतेय. पण माझी पडवी राहिलीच! कुणी सांगेल का, पुन्हा तसा पाऊस आला तर मी काय करू?

खाडीकाठ
सांगतो. सीन ऑप्टिमायझर, ब्युटी, ऑटो एचडीआर, जे जे बंद होईल ते बंद करा. प्रो मोडमध्ये जा, साधा रॉ घ्या. लक्षात ठेवा, काही फोनचा रॉसुद्धा चार-पाच फोटो एकत्र करून बनवलेला असतो, तो आधी घरी तपासून बघा. व्हाइट बॅलन्स ऑटोवर नको, उन्हाच्या खुणेवर कायम ठेवा म्हणजे मळभाचा रंग फोन दुरुस्त करणार नाही. मग बाहेरच्या उजेडावर बोट दाबून लॉक करा आणि एक्सपोजर आणखी खाली ओढा, गाल जेमतेम दिसेल इतकं. आत काळं होईल, होऊ दे.

रंगपट
आणि फोन दाराच्या चौकटीला टेकवून धरा. शटर हळू होतं, हात हलला की पागोळ्यांबरोबर आई पण हलेल.

पागोळी
मंडळी, रविवारी जमलं. म्हणजे जे जमलं ते सांगते. पाऊस तसाच होता पण आठळ्या संपल्या होत्या, आई सुपात तांदूळ निवडत होती. तिला मुद्दाम आठळ्या घेऊन बस म्हणावंसं वाटलं नाही. चौकटीला टेकून नऊ फोटो काढले. सात अगदीच काळे. एकात सूप आलं, आई नाही. एकात सुपाची कड, त्यावर आईचा हात, हातातल्या हिरव्या बांगडीवर बाहेरचा उजेड आणि मागे सगळा काळोख, माझ्या ओळखीचा काळोख.

आईला दाखवला. म्हणाली, ह्यात मी कुठाय? मग चष्मा लावून परत बघितलं आणि स्वतःचा हात फोनशेजारी धरून ताडून बघितला. तो आधीचा लख्ख फोटो पण राहू दे म्हणाली, त्यात कोनाडा छान दिसतोय, मामाला पाठव. तो पाठवला. हा मात्र मला कागदावर हवाय, भिंतीवर लावायला.

भरडावयलो
हातान वळाखता म्हणजे आवशीचो फोटो बरो इलो.

जुना_रोल
मॅट कागदावर करा, चकचकीत नको, काळोखात खिडकीचं प्रतिबिंब दिसेल. आणि एक महत्त्वाचं. हल्ली लॅबमध्ये मशीन आपोआप करेक्शन मारतं, काळी फाइल दिसली की उजळून देतं. माझ्या मुलाचंही मशीन तेच करतं, बंद करायला सांगावं लागतं. म्हणून फाइल पाठवाल तेव्हा सोबत स्पष्ट लिहा, पडवी काळी आहे ती काळीच ठेवावी, उजळू नये.

पागोळी
लिहिते काका. प्रिंटच्या मागे पण लिहून ठेवते, पेन्सिलीने. बांगडी हिरवी.